सुई, खसखस आणि काकांचं लिव्हर

"पेशंट ड्रिंक्स घेतात का?"

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी अगदी सहज विचारलं आणि काकूचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं तोंडानं उत्तर दिलंच नाही. काकांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं, आतली तुळशीची माळ बाहेर ओढली आणि डॉक्टरांसमोर धरली.

माझे काका कराडला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. आयुष्यात बिअरचा थेंब नाही, सिगारेट नाही, सुपारीसुद्धा नाही. होतं काय, तर पंधरा वर्षांचा डायबेटिस, पुढे आलेलं पोट आणि सोनोग्राफीच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी एक ओळ : 'फॅटी लिव्हर'. ही ओळ कुणी वाचत नाही. आम्हीही कधी वाचली नव्हती. या वेळी मात्र तिच्या वर आणखी एक ओळ होती. लिव्हरच्या उजव्या भागात २.८ सेंटिमीटरची गाठ.

पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. काका-काकू पुण्यात माझ्या टू बीएचकेत मुक्कामाला. सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, फॅमिली ग्रुपवर काढ्यांचा महापूर. एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या सर्जननी फाइल दोन मिनिटं चाळली आणि म्हणाले, "लहान आहे, काढून टाकू. सोमवारी ॲडमिट व्हा." आम्ही इतके हादरलेले होतो की दुसरं काही करता येईल का, हे विचारायचं सुचलंच नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. तो प्रश्न विचारला खुद्द काकांनी, दोन दिवसांनी, गॅलरीत चहा पिता पिता.

"अगं, कापायलाच पाहिजे का?"

मी लॅपटॉप उघडला. आणि मग सेकंड ओपिनियनसाठी फोन लावला. (हा क्रम चुकीचा आहे. आधी फोन लावा, लॅपटॉप नंतर.)

आजार एक नाही, दोन

दुसऱ्या डॉक्टर लिव्हरच्या स्पेशालिस्ट होत्या. त्यांनी गाठीचा फोटो बाजूला ठेवला आणि आधी प्लेटलेट्स बघितल्या. एक लाखाच्या खाली. मग प्लीहा बघितली. वाढलेली. "गाठ कुठे पळून जात नाही," त्या म्हणाल्या, "आधी उरलेलं लिव्हर कसं आहे ते बघू."

इथे माझी पहिली ट्यूब पेटली. बाकीच्या कॅन्सरमध्ये आपण गाठीशी लढतो. लिव्हरमध्ये जो कॅन्सर मुळातून सुरू होतो, हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, तो बहुतेक वेळा धडधाकट लिव्हरमध्ये उगवतच नाही. हेपॅटायटिस बी किंवा सी, दारू, किंवा काकांसारखी साठलेली चरबी वर्षानुवर्षं लिव्हरला जखमा करत राहते. जखमा भरतात, व्रण राहतात, लिव्हर निबर होत जातं. हाच तो सिरोसिस. आणि त्या निबर जमिनीत एक दिवस गाठ उगवते. म्हणजे पेशंटला आजार दोन : एक गाठ आणि दुसरी ती जमीन.

एरवी लिव्हरसारखा गुणी अवयव नाही. निरोगी लिव्हरचा अर्ध्याहून जास्त भाग कापून टाकला तरी उरलेला वाढून काम सांभाळतो. सिरोसिस झालेल्या लिव्हरला ही चैन परवडत नाही. तिथे आतड्यांकडून येणारं रक्त निबर लिव्हरमधून नीट पुढे सरकत नाही, मागे प्रेशर साठतं, प्लीहा सुजते, प्लेटलेट्स घटतात. काकांचे रिपोर्ट नेमकं हेच ओरडून सांगत होते. अशा पेशंटचा तुकडा काढला, तर ऑपरेशन यशस्वी होऊ शकतं आणि लिव्हर मात्र आठवड्याभरात हात वर करू शकतं.

दोन्ही आजार एकदम संपवणारा एकच इलाज आहे : ट्रान्सप्लांट. इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये त्याचे निकष मांडले. पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा तीन सेंटिमीटरच्या आतल्या जास्तीत जास्त तीन गाठी, आणि रक्तवाहिन्यांमध्ये कॅन्सर शिरलेला नको. काका या निकषात बसत होते. माझी चुलतबहीण लिव्हरचा भाग द्यायला एका पायावर तयार होती. काका म्हणाले, "तिचं पोर दोन वर्षांचं आहे. हा विषय पुन्हा काढायचा नाही." काढला नाही.

मग उरली सुई.

ओव्हनच्याच जातीची

माझ्या डोक्यात रेडिओलॉजिस्ट म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म बघणारा माणूस. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट नावाची जमात असते हे मला त्या दिवशी कळलं. ही मंडळी सोनोग्राफी, सीटी किंवा एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत बघत सुई नाहीतर बारीक नळी शरीरात नेतात आणि आतल्या आत काम करून बाहेर येतात. या सगळ्याचे मूळ पुरुष चार्ल्स डॉटर, अमेरिकेतल्या पोर्टलँडचे. १९६४ मध्ये ८२ वर्षांच्या एका आजीबाईंचा पाय सडत चालला होता आणि त्या पाय कापून द्यायला तयार नव्हत्या. डॉटरनी पायातली तुंबलेली धमनी आतून नळी घालून मोकळी केली आणि पाय वाचवला. म्हणजे काकांचा प्रश्न साठेक वर्षांपूर्वी कुणीतरी विचारून झाला होता.

लिव्हरच्या लहान गाठीसाठी यांचं पहिलं हत्यार म्हणजे ॲब्लेशन. साध्या भाषेत, गाठ आतल्या आत भाजून टाकणं. याची सुरुवात मात्र आगीनं झाली नव्हती. १९८० च्या दशकात जपानमध्ये डॉक्टर गाठीत सुईनं चक्क शुद्ध अल्कोहोल टोचायचे. (हे ऐकून काकू म्हणाली, "म्हणजे शेवटी पाजलीच!") त्यानंतर रेडिओफ्रीक्वेन्सी आली. सुईच्या टोकातून वेगानं दिशा बदलणारा करंट सोडायचा, त्यानं आजूबाजूच्या पेशींमधले कण इतके हलतात की तिथे उष्णता तयार होते. साठ अंशांच्या वर तापमान गेलं की पेशी जवळपास लगेच मरते. आणि आता मायक्रोवेव्ह. कित्येक मशीन्सची फ्रीक्वेन्सी २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या किचनमधल्या ओव्हनची असते तीच.

गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर हा प्रकार सगळ्यात भारी चालतो. फक्त गाठ भाजून भागत नाही, तिच्याभोवतीची निदान अर्धा सेंटिमीटर कडाही भाजावी लागते. गाठ पाच सेंटिमीटरची झाली की एवढा मोठा गोळा एकसारखा भाजणं अवघड जातं. जागेचेही नखरे असतात. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर वाहतं रक्त गाडीच्या रेडिएटरसारखी उष्णता घेऊन जातं आणि तेवढी एक बाजू कच्ची राहते. मायक्रोवेव्हला हा त्रास जरा कमी. आतडं किंवा पित्ताशय शेजारी असेल तर तेच भाजायची भीती. त्यावर यांची एक युक्ती मला जाम आवडली : मध्ये सुईनं पाणी भरायचं, म्हणजे शेजारी आपोआप लांब सरकतो.

काकांची गाठ बेताची होती आणि जागा सोयीची होती. सकाळी साडेनऊला आत गेले, अकराला बाहेर आले. भूल धरून दीड तास. प्रत्यक्ष मायक्रोवेव्ह चालू होता आठ मिनिटं. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. बरगड्यांखाली एक छोटी पट्टी, आणि काकांची एकच तक्रार : "उजवा खांदा का दुखतोय? खांद्यात टोचलं की काय?" लिव्हरच्या वरच्या पडद्याला धग लागली की दुखणं खांद्यात जाणवतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवसांत थांबलं.

काकूची तक्रार जास्त गंभीर होती. "गाठ कुठे आहे?"

तिच्या भावाचं पित्ताशय काढलं तेव्हा डॉक्टरांनी खडे डबीत घालून दाखवले होते. इथे ना डबी, ना टाके, ना ड्रेनची पिशवी. "काढलीच नाही म्हणता, मग झालं काय?" तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. ॲब्लेशनमध्ये गाठ बाहेर येत नाही. ती मेलेली होऊन तिथेच राहते, व्रण होते आणि सावकाश आक्रसते. ती खरंच मेली का, हे महिन्याभरानं परत सीटी काढून बघायचं. त्या सीटीत काकांच्या लिव्हरमध्ये एक काळा गोल दिसला, मूळ गाठीपेक्षा मोठा. असाच दिसायला हवा असतो. काकूनं तो फोटो मोबाइलवर मागून घेतला. डबीऐवजी.

मग सर्जन चुकले होते का?

हे मी स्वतःला बरेच दिवस विचारत होते, कारण सोमवारी ॲडमिट व्हा म्हणणाऱ्या त्या गृहस्थांवर माझा राग होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा सामना एकतर्फी नाही. २००६ मध्ये चीनमध्ये पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असलेल्या पेशंट्सवर चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवड करून तुलना झाली. ऑपरेशनवाले आणि सुईवाले, दोघंही सारखेच जगले, सुईवाल्यांना त्रास कमी. २०१० मध्ये चीनमध्येच दुसरी तुलना झाली, त्यात ऑपरेशन सरस ठरलं. लिव्हर चांगलं असेल, गाठ एकच पण मोठी असेल, किंवा सुई पोचायला अडचणीची असेल, तर चांगल्या सर्जनच्या हातात स्वतःला सोपवणं हाच शहाणपणा.

आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेला असतो तो प्रकार वेगळा. तिथे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेला एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी भाजणं हे कापण्यापेक्षा कुठेही कमी पडलं नाही, कॉम्प्लिकेशन्स कमी झाली, आणि हे इतकं स्पष्ट दिसत होतं की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला.

तेव्हा माझा राग त्यांच्या उत्तरावर नाही, दोन मिनिटांवर आहे. त्या दोन मिनिटांत त्यांनी प्लेटलेट्सचा आकडा वाचला नव्हता. लिव्हरच्या गाठीचा निर्णय सर्जन, लिव्हरचे डॉक्टर, कॅन्सरचे डॉक्टर आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट यांनी एका टेबलाशी बसून घ्यायचा असतो. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत अशी मीटिंग होते, तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात. "आमची केस बोर्डापुढे ठेवाल का?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. आणि हो, तुमच्या मेडिक्लेममध्ये किंवा सरकारी योजनेत नेमकी कुठली प्रोसिजर बसते, तेही ॲडमिट व्हायच्या आधीच लेखी विचारून ठेवा. आमची त्या बाबतीत डिस्चार्जच्या दिवशी चांगलीच पळापळ झाली.

अनधिकृत नळजोड

अकरा महिने मजेत गेले. मग एका रुटीन स्कॅनमध्ये डाव्या भागात तीन नव्या गाठी दिसल्या. एक जवळजवळ चार सेंटिमीटरची.

"परत आली," काकू म्हणाली. जुन्या जागी काळा गोल तसाच शांत होता, या नव्याच होत्या. आठवतंय ना, आजार दोन? गाठ भाजली होती, जमीन तीच होती. ऑपरेशन करा की सुई टोचा, पाच वर्षांत निम्म्याहून जास्त पेशंट्समध्ये लिव्हरमध्ये पुन्हा कुठेतरी काहीतरी उगवतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या अकरा महिन्यांत मी इतकी निवांत राहिले नसते. कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल.

आता सुई पुरेशी नव्हती. आता टेस. लांबलचक नावाचं हे छोटं रूप : ट्रान्सआर्टेरियल केमोएम्बोलायझेशन. समजावून सांगताना डॉक्टरांनी काकांना विचारलं, "सर, लिव्हरला पाणी किती पाइपांनी येतं?" भूगोलाच्या मास्तरांना नद्यांचे प्रश्न आवडतात. उत्तर आहे दोन. साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेनं येतं आणि उरलेलं एक चतुर्थांश धमनीनं. निरोगी लिव्हर मुख्यतः मोठ्या पाइपावर जगतं. कॅन्सरची गाठ मात्र आपलं जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. काकांच्या शब्दांत, "म्हणजे अनधिकृत नळजोड!"

मग काम सोपं वाटायला लागतं, नसलं तरी. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून एक बारीक नळी धमनीत घालायची, एक्स-रेच्या स्क्रीनवर रस्ता बघत लिव्हरपर्यंत न्यायची, तिथून गाठीला जाणारी नेमकी फांदी गाठायची, तिच्यात केमोचं औषध सोडायचं आणि मागून बूच मारायचं. गाठीत औषधही कोंडलं जातं आणि तिचा रसदपुरवठाही तुटतो. बाकीचं लिव्हर मोठ्या पाइपावर चालू राहतं. म्हणूनच पोर्टल शीर गाठीनं बुजलेली असेल किंवा लिव्हर आधीच फार थकलेलं असेल, तर टेस करताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. एक पाइप बंद असताना दुसराही तोडला तर गाठीबरोबर घरही तहानेनं मरायचं.

औषध गाठीपर्यंत पोचवायला ज्या तेलात घोटतात त्याचं नाव लिपिओडॉल. १९०१ पासून फ्रान्समध्ये बनतंय. आणि ते कशाचं असतं सांगू? खसखशीचं. खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडलेलं, त्यामुळे ते एक्स-रेवर दिसतं आणि गाठीत टिकूनही राहतं. हे कळल्यावर काकूचा या उपचारावर एकदम विश्वास बसला. अनारसे करणाऱ्या बाईला खसखस घरची वाटते.

टेस नवं नाही. पण त्यानं पेशंटचं आयुष्य खरंच वाढतं का, याचं ठोस उत्तर २००२ मध्ये मिळालं, बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या दोन अभ्यासांतून. दोन्हीकडे उत्तर 'हो' आलं. अट एकच : पेशंट नीट निवडायचा. बरं होतं का? फार थोड्यांना. काबूत राहतं, वेळ मिळतो, काहींच्या गाठी आटून पुन्हा ट्रान्सप्लांटच्या निकषात येतात.

आणि 'मिनिमली इन्व्हेजिव' हा शब्द ऐकून कुणी पिकनिकला चालल्यासारखं जाऊ नये. ॲब्लेशनचे दोन दिवस खांदेदुखीवर निभावले, टेसनं काकांना आठवडाभर पुरतं लोळवलं. ताप, मळमळ, उजव्या कुशीत दुखणं, जेवणाचा तिटकारा. गाठ एकदम मरायला लागली की शरीर असं चिडतं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही, एवढंच. पाचव्या दिवशी काकांनी आपणहून मऊ भात मागितला आणि मी ऑफिसला गेले. दोन महिन्यांनी दुसरा डोस झाला.

यातलाच आणखी हाय-फाय भाऊ म्हणजे रेडिओएम्बोलायझेशन. त्याच धमनीतून, पण केमोऐवजी यिट्रियम-९० भरलेले काचेचे किंवा रेझिनचे कण. जाडी वीस ते साठ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक. हे कण गाठीत जाऊन बसतात आणि आतून किरण सोडतात, सरासरी अडीच मिलिमीटर अंतरापर्यंत. साधारण ६४ तासांत जोर अर्धा होतो. इथे रक्तपुरवठा फारसा अडत नाही, म्हणून पोर्टल शीर बुजलेल्या काही पेशंट्सनाही हा पर्याय असतो. आधी एक रंगीत तालीम करून कण फुप्फुसाकडे तर पळत नाहीत ना, ते तपासतात. परदेशी कणांचा खर्च कित्येक लाखांत जातो. आपल्या ट्रॉम्ब्यातल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'भाभास्फिअर' नावाचे देशी काचेचे कण बनवले आहेत, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. काकांच्या तीन गाठींना टेस पुरेल असं बोर्डाचं मत पडलं, त्यामुळे आमची त्यांच्याशी ओळख झाली नाही.

सुईसुद्धा नको असेल तर? मिशिगन विद्यापीठात जन्मलेली हिस्टोट्रिप्सी बाहेरून ध्वनिलहरी सोडते, आत सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि गाठीचा लगदा होतो. ना भोक, ना उष्णता. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं लिव्हरच्या गाठींसाठी तिला परवानगी दिली. ऐकायला सायन्स फिक्शन आहे. पण गाठ फुटणं वेगळं आणि पेशंट पाच वर्षं जगणं वेगळं, तो हिशोब व्हायला वेळ लागेल.

आणि तुमचा रिपोर्ट?

गेल्या महिन्यात ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं. आमच्या टीममधल्या अकरा जणांपैकी चौघांच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन'. चौघंही हसले. एकानं कॅन्टीनमध्ये त्यावर जोक मारला आणि वडापाव मागवला. माझ्या रिपोर्टमध्येही ती ओळ आहे. मी हसले नाही, फायब्रोस्कॅनची अपॉइंटमेंट घेतली. पोटावर एक प्रोब टेकवून लिव्हर किती निबर झालंय ते पाच-दहा मिनिटांत मोजतात. जाता जाता हेपॅटायटिस बीची लसही सुरू केली, कारण सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली २०११ च्या सुमारास. तेव्हा मी कॉलेजला होते. तुमचंही तसंच असेल तर एकदा आईला विचारा.

ज्यांना सिरोसिस आहे हे माहीत आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. कारण हे सगळं सुई-बिई प्रकरण गाठ लहान असतानाच आपल्या बाजूनं खेळतं. काकांची पहिली गाठ २.८ सेंटिमीटरला सापडली ती निव्वळ मूतखड्याच्या संशयामुळे. खडा नव्हताच.

काकांचं पुढचं स्कॅन आषाढात आलं. माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव एवढा तरी टप्पा चालायचाच, मध्ये चांदोबाच्या लिंबाला रिंगण असतं, ते चुकवायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं. त्यांनी तारखांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "आठवडाभर पुढे ढकललं तर चालेल?"

डॉक्टरांनी कॅलेंडर बघितलं. "चालेल. पण टोपी घाला, पाणी प्या आणि दमलात तर गाडीत बसा."

"गाडीत ही बसेल," काका काकूकडे बघून म्हणाले.